मुलाच्या मित्राच्या घरी बंदूक आहे: मिशिगनचा कायदा काय सांगतो आणि शेजाऱ्यांना कसे विचारावे?

मेघना, नोव्हाय (मिशिगन)

नमस्कार. आम्ही गेली सहा वर्षे नोव्हायमध्ये राहतो. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याचा जिवलग मित्र आमच्यापासून तीन घरे सोडून राहतो. ते कुटुंब अतिशय सालस आहे. मागच्या हिवाळ्यात आमची गाडी बर्फात रुतली होती, तेव्हा त्या मुलाचे वडील न सांगता फावडे घेऊन आले होते. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते त्यांच्याविषयीची तक्रार म्हणून कृपया वाचू नये.

येथे १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो आणि तो महिनाअखेरीपर्यंत चालतो, हे मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी मुलाला आणायला त्यांच्याकडे गेले. गराजमधून घरात जाताना जेथे सगळे पादत्राणे काढतात, त्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून एक लांब नळीची बंदूक उभी होती. वर खुंटीला शिकाऱ्यांचे भडक नारिंगी जाकीट होते आणि खाली मुलांच्या बर्फातल्या बुटांची रांग होती. त्या रांगेतला एक जोड माझ्या मुलाचा होता.

मी काहीच बोलले नाही. बुटांच्या नाड्या बांधल्या आणि घरी आले. बंदुकीत गोळी होती की नव्हती, हेही मला कळले नाही, कारण ते कसे ओळखायचे हेच मला ठाऊक नाही. आता शनिवारी त्या मित्राने माझ्या मुलाला रात्री मुक्कामाला बोलावले आहे.

माझे तीन प्रश्न आहेत. घरात मुले असताना बंदूक कुलपात ठेवण्याचे बंधन मिशिगनमध्ये आहे असे ऐकले आहे, ते नेमके काय आहे आणि शेजाऱ्याच्या मुलांमुळेही ते लागू होते का? शेजाऱ्यांना हे विचारावे तर कोणत्या शब्दांत? तिसरा प्रश्न आमच्याच घराचा आहे. आपल्या लोकांच्या घरी सोने असते हे चोरांना ठाऊक झाले आहे, अशी चर्चा ऐकून माझे यजमान पिस्तूल घ्यावे म्हणत आहेत. आमच्याकडे आता ग्रीन कार्ड आहे. पिस्तूल घेतले तर आमच्यावर कोणती जबाबदारी येते?

अनिरुद्ध, ॲन आर्बर

मेघनाताई, मी वकील नाही, परंतु आमच्या वसाहतीच्या पालक समितीत या कायद्याची चर्चा झाली तेव्हा मी त्याचा मूळ मजकूर नीट वाचला होता, त्या आधारावर लिहितो. तुमच्या प्रकरणात नेमका सल्ला हवा असल्यास येथील परवानाधारक वकिलालाच विचारावे.

मिशिगनमध्ये असा कायदा फार उशिरा झाला. फ्लोरिडाने तो १९८९ मध्येच केला होता आणि तसे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होते. आपल्याकडे त्यासाठी ऑक्सफर्डची घटना घडावी लागली. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने चार विद्यार्थ्यांचे प्राण घेतले. ते गाव तुमच्याच ओकलंड काउंटीत आहे. ज्या पिस्तुलाने हे घडले ते वडिलांनी चारच दिवस आधी विकत आणले होते, आणि त्यासोबत मिळालेले केबलचे कुलूप वेष्टनातून बाहेरही काढलेले नव्हते, हे खटल्यात पुढे आले. त्या वेळी बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करणारा कायदाच राज्यात नव्हता. म्हणून सरकारी पक्षाने आईवडिलांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला. २०२४ मध्ये वेगवेगळ्या खटल्यांत दोघेही दोषी ठरले आणि दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या हत्याकांडासाठी आईवडिलांना अशा गुन्ह्यात दोषी धरल्याचे हे देशातील पहिलेच उदाहरण.

गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी नव्या कायद्यावर एप्रिल २०२३ मध्ये सही केली आणि तो १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. ज्या जागेत अठरा वर्षांखालील मूल आहे किंवा येण्याची शक्यता आहे हे मालकाला माहीत आहे किंवा माहीत असायला हवे, त्या जागेत बंदूक लक्षाआड ठेवायची असेल तर ती कुलूपबंद पेटीत किंवा कपाटात ठेवली पाहिजे, नाहीतर गोळ्या काढून तिला कुलूप लावलेले पाहिजे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘येण्याची शक्यता आहे’ या शब्दांत आहे. मूल स्वतःचे असले पाहिजे असे कायदा म्हणत नाही. आठवड्यातून चार दिवस त्यांच्या तळघरात खेळणारा तुमचा मुलगा त्यात बसतो. बंदूक मालकाच्या अंगावर किंवा हाताशी असेल तर गोष्ट वेगळी. मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांनी शिकार करण्यास किंवा नेमबाजी शिकण्यास कायद्याची आडकाठी नाही.

आता जो भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही, त्याकडे वळतो. बंदूक नुसती उघड्यावर ठेवली म्हणून या कायद्याखाली शिक्षा होत नाही. तिच्यापर्यंत मूल पोहोचले आणि त्यातून काही घडले, तरच शिक्षेची कलमे लागू होतात. मुलाने ती सार्वजनिक ठिकाणी नेली, किंवा कोणासमोर बेपर्वाईने अथवा धमकावण्यासाठी बाहेर काढली, तर मालकाला ९३ दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. गोळी सुटून मुलाला स्वतःला किंवा दुसऱ्या कोणाला इजा झाली तर पाच वर्षांपर्यंत, गंभीर स्वरूपाची शारीरिक हानी झाली तर दहा आणि मृत्यू झाला तर पंधरा वर्षांपर्यंत. कायदा लागू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फ्लिंटमध्ये दोन वर्षांच्या मुलीच्या हाती घरातले रिव्हॉल्व्हर लागले आणि ती गंभीर जखमी झाली. तिच्या वडिलांवर या कायद्याखाली पहिला खटला दाखल झाला. त्यामुळे त्या कोपऱ्यातल्या बंदुकीबद्दल उद्या तुम्ही पोलिसांना फोन केलात, तर कायद्याकडे त्यांना देण्यासारखे फारसे काही नाही, आणि शेजारी मात्र कायमचा दुरावेल. फोन करण्याऐवजी बोलणे बरे, असे माझे मत आहे.

यजमानांच्या पिस्तुलाविषयी थोडक्यात सांगतो. ग्रीन कार्ड असल्यास केंद्रीय कायद्याची हरकत नाही. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना मात्र सर्वसाधारणपणे बंदूक बाळगण्यास मनाई आहे आणि शिकारीचा परवाना असणे यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ते न पाहता हौसेने बंदूक हाताळणारे आपले लोक मी पाहिले आहेत. दुकानदाराने पिस्तुलासोबत कुलूप किंवा सुरक्षित पेटी दिलीच पाहिजे, असा केंद्रीय कायदा २००५ पासून आहे. ते कुलूप घरी नेऊन लावलेच पाहिजे, असे मात्र तो कायदा कोणालाही सांगत नाही.

डॉ. स्वाती, वूस्टर (मॅसॅच्युसेट्स)

मी बालरोगतज्ज्ञ आहे. अनिरुद्ध यांनी कायदा उत्तम मांडला आहे. मुले प्रत्यक्षात कशी वागतात, याबद्दल मला थोडे लिहावेसे वाटते, कारण पालकांचा सगळा भरवसा दोनच गोष्टींवर असतो. एक म्हणजे ‘बंदूक कुठे आहे हे आमच्या मुलाला माहीतच नाही’ आणि दुसरी म्हणजे ‘हात लावायचा नाही, असे त्याला बजावले आहे’.

पहिल्या समजुतीची तपासणी अलाबामातील ग्रामीण भागात झाली आणि ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. संशोधकांनी पालकांना आणि मुलांना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारले. मुलाला बंदुकीची जागा माहीत नाही असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांचे म्हणणे त्यांच्याच मुलांनी खोटे ठरवले. मुलाने बंदुकीला कधी हात लावलेला नाही असे सांगणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या बाबतीतही तेच झाले. दुसऱ्या समजुतीची तपासणी अटलांटात झाली आणि तिचे निष्कर्ष २००१ चे आहेत. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलांना दोनदोन-तीनतीनच्या गटांत एका खोलीत खेळायला सोडले आणि एकतर्फी आरशामागून त्यांच्यावर नजर ठेवली. एका खणात पाण्याच्या पिचकाऱ्या होत्या आणि दुसऱ्या खणात खरे पिस्तूल, अर्थात निकामी केलेले. ४८ मुलांना ते सापडले, ३० जणांनी हाताळले आणि १६ जणांनी चाप ओढला. ज्यांनी हाताळले त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी कधीतरी शिकवलेले होते. सापडलेली वस्तू खेळणे आहे की खरी, हे निम्म्या मुलांना सांगता आले नव्हते.

यात मुलांना दोष देण्यासारखे काही नाही. आपल्याकडे फळीवरच्या डब्यामागे लपवलेले बेसनाचे लाडू कोणत्या मुलाला सापडले नाहीत? लपवणे आणि कुलूप लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इतकेच मी माझ्या दवाखान्यात पालकांना सांगते.

किशोरवयीन मुलांबाबत आणखी एक गोष्ट आहे आणि आपल्या समाजात ती बोलली जात नाही. घरातल्या बंदुकीचा धोका लहान मुलाच्या अपघातापुरता नसतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात एखाद्या वाईट संध्याकाळी आलेला विचार बऱ्याचदा ओसरून जातो, आणि तो ओसरेपर्यंतचा वेळ कुलपामुळे मिळतो. रँड या संशोधन संस्थेने या विषयावरील अभ्यासांचा जो साकल्याने आढावा घेतला आहे, त्यात मुलांच्या हाती बंदूक लागू नये यासाठी केलेल्या कायद्यांमुळे तरुण मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती इजा घटतात, याला भक्कम आधार असल्याचे म्हटले आहे. बंदुकीविषयीच्या फारच थोड्या कायद्यांबद्दल तो आढावा इतक्या ठामपणे बोलतो.

आमच्या राज्यात १९९८ पासून नियम अधिक सरळ आहे. घरात मूल असो वा नसो, बंदूक मालकाच्या ताब्यात नसेल तेव्हा ती कुलपात असली पाहिजे, आणि त्यासाठी अपघाताची वाट पाहावी लागत नाही. मला हे अधिक पटते.

विचारण्याच्या शब्दांबद्दल सांगते. प्रश्न एकटा विचारू नका, इतर प्रश्नांच्या ओघात विचारा. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे सांगताना, त्यांच्याकडे कुत्रा आहे का, रात्री घरी मोठे कोण असणार, हे विचारताना त्याच दमात म्हणावे, ‘तुमच्याकडे शिकारीच्या बंदुका आहेत हे मला माहीत आहे, मुले असताना त्या कुलपात असतात ना?’ बंदूक आहे का, असे विचारले की समोरच्याला आपली परीक्षा चालली आहे असे वाटते. ती आहे हे गृहीत धरून कुलपाबद्दल विचारले की तो घरगुती व्यवस्थेचा प्रश्न होतो. माझ्या अनुभवात शिकारी कुटुंबे या प्रश्नाने रागावत नाहीत. उलट आपली तिजोरी दाखवायला उठतात.

मिलिंद, फ्रिस्को (टेक्सास)

मी स्वतः बंदूक बाळगतो, महिन्यातून दोनदा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जातो, आणि मला दोन मुली आहेत. तेव्हा दुसऱ्या बाजूनेही कोणीतरी लिहावे म्हणून लिहितो.

डॉक्टरबाईंना मॅसॅच्युसेट्सचा नियम पटतो, मला तो सरसकट पटत नाही. रात्री दोन वाजता दार फोडून कोणी आत आले तर गोळ्या एका कपाटात, पिस्तूल दुसऱ्यात आणि किल्ली तिसरीकडे, अशा व्यवस्थेचा उपयोग काय, हा प्रश्न पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात वॉशिंग्टन शहराचा जो नियम रद्द केला, त्यात घरातली बंदूक सदैव सुटी केलेली किंवा चापाला कुलूप लावलेली ठेवण्याची सक्ती होती, आणि स्वसंरक्षणाला त्यात जागाच उरत नव्हती. हेही खरे की अपघात टाळण्यासाठी बंदूक कशी ठेवावी, यासंबंधीचे कायदे आपल्या निकालाने अवैध ठरत नाहीत, असे त्याच निकालपत्रात न्यायालयाने लिहिले आहे. आमच्याकडचे बंदूकवाले पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात.

आमच्या टेक्सासचा कायदा मवाळ आहे. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर साधारण पाचशे डॉलरपर्यंत दंड होतो. गोळी सुटून कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी गंभीर जखमी झाले तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. त्यात एक तरतूद अशी आहे की मुलाने स्वतःलाच गोळी मारून घेतली असेल आणि आरोपी त्याच्याच घरातला असेल, तर सात दिवस उलटण्याआधी त्याला अटक करता येत नाही. ही तरतूद मी प्रथम वाचली तेव्हा कायदे मंडळातही कोणीतरी बाप बसलेला असणार, असे वाटून गेले.

आता मेघनाताईंच्या यजमानांसाठी. पिस्तूल घ्यायचे असेल तर आधी पेटी घ्यावी, पिस्तूल मागाहून. बोटाच्या ठशाने किंवा चार कळांच्या संकेताने उघडणाऱ्या लहान पेट्या मिळतात. पलंगाच्या चौकटीला किंवा भिंतीतल्या लाकडी खांबाला त्या स्क्रूने घट्ट बसवाव्यात, नाहीतर चोर पेटीच उचलून नेतो. सरावाने अशी पेटी अंधारातही दोन-तीन सेकंदांत उघडते, तेव्हा रात्री दोन वाजताचा माझा वरचा प्रश्नही बऱ्याच अंशी मिटतो. संकेत म्हणून मुलाचा वाढदिवस ठेवू नये. तो त्याला सर्वांत आधी सुचतो. केबलचे कुलूप अनेक पोलीस ठाण्यांत फुकट मिळते आणि शिकारीच्या लांब बंदुकांना ते पुरेसे आहे, पण ते ओवण्याआधी गोळ्या काढलेल्या आहेत ना, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खाचेत, एखादी राहिली नाही ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही तपासावे लागते. पिस्तुलाची मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा सुटा कप्पा, काढली म्हणजे ते रिकामे झाले, असे मानणाऱ्यांच्या हातून किती अपघात झाले आहेत, ते कोणत्याही रेंजवरच्या जुन्या माणसाला विचारावे.

आणि चोरीच्या भीतीने पिस्तूल घेत असाल, तर सोने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे स्वस्त पडेल. हे एका बंदूकवाल्याने सांगितले म्हणून तरी ऐकावे.

रिटायर्ड सुभेदार, सध्या न्यू जर्सी

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला. फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, आता लेकीकडे आलो आहे. तिने हा प्रश्न वाचून दाखवला म्हणून तिच्याचकडून टंकून घेतो आहे.

पलटणीत हत्यार कोणाच्या खाटेखाली राहत नसे. फायरिंग झाली, साफसफाई झाली की हत्यार कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा, रजिस्टरवर नंबर आणि सही. एक नंबर जुळला नाही तर सारी कंपनी उभी. जिथे प्रत्येक जण शिकलेला जवान आहे, तिथे ही शिस्त. आणि येथे घरात पोरे आहेत तर हत्यार बुटांपाशी, हे ऐकून मला झोप आली नाही.

आमच्या कोकणात रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्याच्या बंदुका असतात. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि लोक त्याबद्दल कुरकुर करतात. पण आपल्याकडे हत्यार ही सरकारने अटींवर दिलेली वस्तू आहे, अटी मोडल्या तर परवाना जातो. १९५९ चा शस्त्र कायदा तसाच आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात. येथे तो माणसाचा हक्क आहे, म्हणून कुलूप लावा हे सांगायलासुद्धा पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा. आमच्या वडिलांची काडतुशी बंदूक माजघरात आड्याला टांगलेली असे आणि काडतुसे देवघरातल्या लाकडी पेटीत. आम्ही भावंडे हात लावत नव्हतो, असे वडील शेवटपर्यंत समजून होते.

मेघनाताई, विचारा. जो खरा शिकारी आहे तो वाईट वाटून घेणार नाही.

मेघना, नोव्हाय (मिशिगन)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी गेले आणि डॉक्टरांनी सांगितले तसेच, ॲलर्जी आणि कुत्र्याच्या ओघात विचारले. त्या मुलाचे वडील क्षणभर थांबले आणि मग स्वतःच म्हणाले की त्या दिवशी ते नुकतेच रानातून आले होते, बंदूक रिकामी होती, पण ती तेथे ठेवायला नको होती. मग ते मला तळघरात घेऊन गेले. तेथे माणसाच्या उंचीचे पोलादी कपाट आहे, त्यात चार बंदुका आहेत आणि गोळ्यांचा वेगळा कुलूपबंद डबा आहे. ते पाहून मी निश्चिंत झाले होते.

कपाटाची किल्ली आणायला ते वर निघाले, तेव्हा दोन्ही मुले आमच्या मागेच उभी होती. त्यांचा मुलगा अगदी सहज म्हणाला, “बाबा, किल्ली वर नाही, तुम्ही ती मासेमारीच्या पेटीत ठेवता.” माझा मुलगा म्हणाला, “हो, खालच्या कप्प्यात.”

त्यानंतर आम्ही दोघेही मोठी माणसे बराच वेळ काही बोललो नाही. आज सकाळी त्यांनी निरोप पाठवला की कुलूप बदलून आकड्यांचे बसवून घेतले आहे, आणि शनिवारचा मुक्काम हवा असेल तर आमच्याकडेच करावा, त्यांना वाईट वाटणार नाही. मुक्काम आमच्याकडेच ठरला आहे. यजमानांना मी मिलिंदरावांचे उत्तर वाचायला दिले आहे. ते आधी बँकेत लॉकरचे भाडे विचारायला जाणार आहेत.